घरचं गणित

(गडहिंग्लज येथे साक्षरता वर्गातील आईबापांपुढे केलेले भाषण)



आज मला तुमच्याशी गणितावर बोलायचं आहे. गणित म्हटल्याबरोबर दोघे-तिघे दाराकडं बघायला लागले. बघू नका. मी फळ्यावर उदाहरण घालणार नाही आणि कुणाला उभंही करणार नाही.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. शेवटची काही वर्षं हेडमास्तर होतो. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा मोठी विद्वत्ता माझ्याजवळ नाही. पण पहिली-दुसरीची शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांच्याकडून मी जे शिकलो, तेवढंच आज सांगणार आहे.

पालकसभेत मी एक वाक्य फार वेळा ऐकलं आहे. “गुर्जी, आमी अडाणी मानसं. आमी पोराला गणित काय शिकीवणार? ते तुमीच बघा.”

या बोलण्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक अशी, की तुम्हाला गणित येत नाही असं तुम्हाला वाटतं. अहो, अक्षरओळख वेगळी आणि गणित वेगळं. सकाळी आई परातीत पीठ घेते, तेव्हा ती घरातली माणसं मोजते. धनी दोन भाकरी खाणार, सासूबाई अर्धी, धाकटं चतकोर, पाहुणा आला तर वर एक. हा हिशेब ती मनात करते आणि पीठ बरोबर निघतं. तुम्ही डेअरीला दूध घालता, तेव्हा दहा दिवसांचं बिल किती व्हायला हवं ते तुमच्या तोंडावर असतं. भांगलणीला सात बायका लावल्या तर संध्याकाळी किती पैसे द्यायचे, हे सांगायला तुम्हाला कागद लागत नाही. हे सगळं गणितच आहे. त्याला कुणी गणित म्हटलं नाही, म्हणून तुम्हाला ते आपलं वाटत नाही.

दुसरी चूक अशी, की गणित शाळेत सुरू होतं असं आपण धरून चालतो. आपलं गडहिंग्लज जुन्या कोल्हापूर संस्थानातलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत, त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाला भारी रक्कम. महाराजांनी अशा रीतीनं पोर शाळेच्या दाराशी आणून सोडलं. पण दाराशी येताना त्याच्या पदरात काय असावं, हे घरानं बघायचं असतं. ज्या मुलानं घरी चिंचोके मोजले, ताटं मांडली, वाटे केले, त्याला शाळेतला आकडा ओळखीचा वाटतो. ज्यानं यातलं काही केलं नाही, त्याला तो आकडा परका वाटतो.

आता मी माझी एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं पटायचं नाही.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत दुसरीला शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. घरी कानडी बोलणारा. आपल्या तालुक्यात अशी गावं पुष्कळ आहेत, घरात कानडी आणि शाळेत मराठी. मी म्हणायचो, “पंचवीस लिही.” तो पाटीवर बावन्न लिहायचा. मी म्हणायचो, “सदतीस लिही.” तो त्र्याहत्तर लिहायचा. मी रागावलो. कान धरला. छडी मारली. वर्गापुढं उभं केलं, मुलं हसली. एकदा मी म्हणालो, “तुझ्या डोक्यात भुसा भरलाय.” हे वाक्य मला आजही आठवतं.

एके दिवशी आठवड्याच्या बाजारात हाच मुलगा मला दिसला. आजीशेजारी मिरचीच्या ढिगामागं बसला होता. मी अर्धा किलो मिरची घेतली. पंचवीस रुपये झाले. मी पन्नासाची नोट दिली. पोरानं पिशवीत हात घातला, दहाच्या दोन नोटा आणि पाचाची एक नोट काढून माझ्या हातावर ठेवली. क्षणभरही थांबला नाही. आजीनं कानडीत विचारलं, किती दिलेस? तो म्हणाला, “इप्पत्तैदु.”

मी खिशातलं पेन काढलं आणि पुड्याच्या कागदावर त्याला म्हटलं, “इप्पत्तैदु लिही बघू.” त्यानं लिहिलं २५. अगदी बरोबर. मग मी म्हटलं, “आता पंचवीस लिही.” त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

मंडळी, त्या दिवशी मला कळलं की भुसा कुणाच्या डोक्यात होता.

कानडीत वीस म्हणजे इप्पत्तु आणि पाच म्हणजे ऐदु. दोन्ही मिळून इप्पत्तैदु. आधी वीस, मग पाच. लिहितानाही आपण आधी २ लिहितो, मग ५. जसं बोलणं तसं लिहिणं. मराठीत मात्र उलट आहे. पंच आधी, वीस नंतर. कानावर पाच आधी पडतं, म्हणून मूल ५ आधी लिहितं. ते ऐकल्याप्रमाणं लिहितं, म्हणजे खरं तर नीट लक्ष देऊन लिहितं. मराठी घरातली मुलंही हीच चूक करतात. त्या मुलाला तर दोन भाषांच्या दोन रिती एकदम सांभाळायच्या होत्या, आणि माझ्या छडीची भीती तिसरी.

मी त्याला नंतर नीट शिकवायचा प्रयत्न केला. पण उशीर झाला होता. गणिताचा तास आला की तो पोटात दुखतं म्हणायचा. चौथीनंतर त्यानं शाळा सोडली.

हा प्रश्न एकट्या माझ्या वर्गातला नव्हता. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ अशी सोपी रीत आली. त्या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. मोठ्या गणिती आणि मुलांना गणित गोड कसं लागेल याचा ध्यास घेतलेल्या बाई. २०२३ साली त्या वारल्या. त्यांचं म्हणणं असं, की मराठी संख्यानावांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. यावर गावोगाव वाद झाला. चेष्टा झाली. मराठी मोडली असं कुणी म्हणालं. विधिमंडळापर्यंत गोष्ट गेली.

माझं मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंना थोडं थोडं देईन. पंचवीस, सदतीस, त्र्याण्णव ही आपल्या भाषेची नावं आहेत. बाजारात, बसमध्ये, घरात तीच चालतात. ती मुलाला यायलाच हवीत. पण ती यायच्या आधी त्या नावाच्या पोटात काय आहे हे त्याला दिसायला हवं. म्हणून घरी असं बोला: “दोन दहा आणि वर पाच, म्हणजे पंचवीस.” एवढं एक वाक्य. आधी अर्थ, मग नाव. भाषाही शाबूत राहते आणि मूलही अडखळत नाही.

तसंच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. मूल विचारतं, नऊ कुठं गेला? त्याला सांगा, एकोण म्हणजे एक उणा. तिसाला एक उणा म्हणजे एकोणतीस. तीस काड्या मांडा, एक काढून घ्या आणि दाखवा. या उण्याच्या रांगेत एकटा नव्व्याण्णवच बसत नाही. त्याला वेगळं लक्षात ठेवायचं, बस्स.

आता घरी नेमकं काय करायचं ते सांगतो. यात विकत आणायचं काही नाही.

पहिली गोष्ट, म्हणणं आणि मोजणं यात फरक आहे. पाहुणे आले की आपण पोराला पुढं करतो, “म्हण रे, शंभरापर्यंत म्हण.” ते पोपटासारखं म्हणतं आणि आपण खूश होतो. पण त्याच्यापुढं बारा चिंचोके टाका आणि मोजायला सांगा. कधी बोट पुढं पळतं आणि तोंड मागं राहतं. कधी एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. तेव्हा घाई करू नका. एक चिंचोका उचलायचा, वाटीत टाकायचा आणि एकच आकडा म्हणायचा. एका वस्तूला एक आकडा, हे हाताला कळू द्या.

मोजून झाल्यावर विचारा, “किती झाले?” काही मुलं परत एक, दोन, तीन असं मोजायला लागतात. त्यांना अजून हे कळलेलं नसतं, की शेवटी जो आकडा म्हटला तोच सगळ्यांचा आकडा. रागावू नका. आणखी दोन आठवडे ताटं, वाट्या, शेणी, कोंबडीची पिल्लं मोजत राहा. आपोआप कळतं.

आणखी एक गंमत करून बघा. सात चिंचोके जवळजवळ ठेवा. मुलाला मोजू द्या. मग तेच सात दूर दूर पसरा आणि विचारा, आता जास्त झाले का? चार-पाच वर्षांची पुष्कळ मुलं म्हणतात, “व्हय, जास्त झाले.” हसू नका. त्याच्या डोळ्यांना जागा जास्त दिसते. परत गोळा करून मोजायला द्या. एक दिवस ते स्वतःच म्हणेल, “तेवढेच हाईत की!” त्या दिवशी त्याला एक मोठी गोष्ट कळलेली असते.

दुसरी गोष्ट, लपवाछपवी. पाच चिंचोके घ्या. मुलाला दाखवा. मग काही मुठीत झाका, काही बाहेर ठेवा. बाहेर तीन दिसतात. मग मुठीत किती? हा खेळ आधी पाचावर, मग दहावर. नऊ आणि एक, आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार, पाच आणि पाच. हे दहाचे जोडीदार आहेत. ते ज्याला पाठ झाले त्याला पुढं बेरीज जड जात नाही. आठात पाच मिळवायचे. आठाला दहा व्हायला दोन हवेत. ते पाचातून घेतले, उरले तीन. दहा आणि तीन, तेरा. शाळेत ज्याला आपण हातचा म्हणतो, तो इथंच तयार होतो.

बोटं मोजली तर काय, असं बायका विचारतात. मोजू द्या! देवानं दहा बोटं उगीच दिलेली नाहीत. पाय आधाराला भिंत धरून चालायला शिकतात, पुढं भिंत आपोआप सुटते. तसंच बोटांचं आहे.

तिसरी गोष्ट, दहाची जुडी. खराट्याच्या काड्या घ्या. सारख्या लांबीच्या तोडा. दहा काड्या मोजून दोऱ्यानं बांधा. ही झाली एक जुडी. आपण शेतात वैरणीच्या पेंढ्या बांधतो, तशीच. मग म्हणा, “मला तेवीस काड्या दे.” मूल आधी एकेक मोजेल. हळूहळू ते दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या उचलायला लागेल. तिथं त्याला दोन अंकी संख्या कळली. आता पाटीवर २३ लिहून दाखवा. डावीकडचा दोन म्हणजे दोन जुड्या. उजवीकडचा तीन म्हणजे सुट्या. मग ३२ लिहा आणि तेवढ्या काड्या मांडायला सांगा. तीन जुड्या आणि दोन सुट्या. दोन्ही ढीग शेजारी ठेवा. तेवीस आणि बत्तीस यांत किती फरक आहे तो डोळ्यांनी बघू द्या. माझ्या त्या विद्यार्थ्याला छडीऐवजी मी अशा दोन जुड्या दिल्या असत्या, तर गोष्ट वेगळी झाली असती.

वजाबाकीलाही हीच जुडी कामाला येते. तेविसातून सात काढायचे. सुट्या तीनच आहेत. मग एक जुडी सोडा. आता सुट्या तेरा झाल्या. सात काढा, सहा उरल्या. एक जुडी आणि सहा, म्हणजे सोळा. ‘असर’ नावाची एक पाहणी आहे. २००५ सालापासून ती खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित बघते. त्यात अशीच दोन अंकी, जुडी सोडावी लागणारी वजाबाकी मुलांना घालतात. देशभर कितीतरी मुलं तिथंच अडतात. अडतात, कारण त्यांनी जुडी कधी सोडलेलीच नसते. नुसते आकडे खोडून वर एक लिहिलेला असतो.

वजाबाकीबद्दल आणखी एक सांगतो. आपण मुलाला एकच अर्थ शिकवतो, काढून घेणं. आठ अंडी होती, तीन खाल्ली, किती उरली? पण वजाबाकी आणखी ठिकाणी असते. तुझ्याकडं पाच गोट्या, शेजारच्या पोराकडं आठ. त्याच्याकडं किती जास्त? इथं कुणी काही काढून घेतलं नाही, म्हणून मूल गोंधळतं. किंवा, बैलगाडीत दहा पोती भरायची, सहा भरली, अजून किती? अशा तिन्ही तऱ्हेनं बोला. जेवताना, गोठ्यात, वाटेनं चालताना बोला.

चौथी गोष्ट, पैसा. पूर्वी पोराला चार आणे देऊन दुकानात पाठवायचो. ते काय आणलं, किती परत आलं, हे सांगायचं. नाही सांगितलं तर मार बसायचा. त्यात त्याचं गणित व्हायचं. आता दुकानात फोन पुढं केला की पैसे गेले. सोय फार चांगली आहे. पण मुलाला नोटही दिसत नाही, सुटे पैसेही दिसत नाहीत, आणि दिलं किती, आलं किती, हेही दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुलाला रोख पैसे देऊन बाजारात न्या. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी म्हणजे आपल्या जुड्या आणि सुट्या काड्याच आहेत. तीन दहाच्या नोटा आणि सात नाणी म्हणजे सदतीस. असं चार वेळा हातात आलं की सदतीसचे त्र्याहत्तर होत नाहीत. तीस आणि सत्तर यांतला फरक पैशात लवकर कळतो!

इथं मुलींच्या आईबापांना मुद्दाम सांगतो. दुकानात आपण मुलग्याला पाठवतो आणि मुलीला भांडी घासायला बसवतो. मग मोठेपणी म्हणतो, पोरींना हिशेब जमत नाही. मुलीच्या हातात पैसे द्या. परत आल्यावर हिशेब विचारा. मुलग्याला ताटं मांडायला लावा. गणित दोन्हीकडं आहे, दोघांनाही मिळू द्या.

पाचवी गोष्ट, माप आणि वाटा. वीत, हात, मूठ, ओंजळ ही आपली घरची मापं. ओसरी किती पावलं? तुझ्या पावलांनी किती, आजोबांच्या पावलांनी किती? वेगळं का आलं? हा प्रश्न विचारा आणि उत्तर सांगू नका. भाकरीचे दोन भाग, चार भाग करा. अर्धी, चतकोर, पाऊण हे शब्द ताटात कळतात. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होते, म्हणून ते लागायचं. १९५७ साली नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर पैसे झाले, तसे ते पाढे मागं पडले. ते परत आणा असं मी म्हणत नाही. पण सवा, दीड, अडीच हे बाजारात आजही रोज बोलले जातात. मुलाच्या कानावर पडू द्या.

म्हाताऱ्या माणसांना या कामात घ्या. माझे आजोबा खळ्यावर रास मोजायचे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. दर विसाव्या मापाला मला एक खडा बाजूला ठेवायला सांगायचे. शेवटी खडे मोजायचे. पाच खडे म्हणजे शंभर मापं. मला शाळेत कुणी सांगायच्या आधी गुणाकार असा कळला. विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड, नाल आठवतात का? ते दक्षिणेकडच्या भाषांतले एक, दोन, तीन, चार आहेत. शेजारच्या भाषेचे आकडे आपण खेळता खेळता उचलले. तेव्हा ज्यांच्या घरी कानडी आहे त्यांनी घरी कानडीत मोजावं, बिलकुल संकोच करू नये. मोजणं एका भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत फक्त नावं शिकायची राहतात.

तुम्ही म्हणाल, चिंचोके आणि काड्या हे गरिबांचं शिक्षण. तसं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते वाढवलं. परदेशातली महाग साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं, माती यांतून साधनं केली. मूल जिथं आहे तिथं शाळा नेली. आजच्या अंगणवाड्या त्या विचाराच्या लेकी आहेत. मोठमोठ्या लोकांनी जे मान्य केलं, ते तुमच्या परसात पडलेलं आहे.

आता एक शेवटचा मुद्दा, आणि तो महत्त्वाचा आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं जोडपं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचं गणित तपासलं. ते काम २०२५ साली प्रसिद्ध झालं. बाजारात ही मुलं अवघड हिशेब तोंडी बरोबर करत होती. पण तसंच गणित शाळेच्या रितीनं कागदावर घातलं की पुष्कळ अडत होती. आणि शाळेतली मुलं कागदावर बरी होती, पण बाजारातला हिशेब त्यांना जमत नव्हता. हे वाचलं आणि मला तो मिरचीचा ढीग आठवला. बाजार एकीकडं आणि पाटी एकीकडं, मधे पूल नाही. तो पूल बांधणं हे घराचं आणि शाळेचं मिळून काम आहे. म्हणून मुलानं काड्या मोजल्या की त्याच संध्याकाळी तो आकडा पाटीवर लिहू द्या. पाटीवर उदाहरण आलं की विचारा, “याची बाजारातली गोष्ट सांग.” बारा वजा पाच, म्हणजे काय झालं असेल? बारा अंडी होती, पाच फुटली. मूल गोष्ट सांगू लागलं की समजा, त्याला उदाहरण कळलं.

तुम्हाला लिहिता येत नसेल, किंवा आता कुठं शिकत असाल, तर फारच छान. मुलाला म्हणा, “मला दाखव, हा आकडा कसा काढायचा.” शिकवणाऱ्याला दुप्पट कळतं. आईला शिकवताना मुलाची छाती फुगते.

किती वेळ द्यायचा? रोज पंधरा मिनिटं पुरेत. तीही वेगळी काढू नका. कामातच करा. मूल कंटाळलं की थांबा. आणि तीन गोष्टी करू नका. मारू नका. दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नका. आणि “मला गणित येत नव्हतं, तुलाबी येणार न्हाई” हे तर मुळीच म्हणू नका. हे वाक्य पोराच्या गळ्यात आपण दगडासारखं बांधतो.

आता त्या मुलाची पुढची गोष्ट सांगून संपवतो. गेल्या वर्षी माझ्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. बरोबर सात वर्षांची मुलगी. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळख दिली. तोच मुलगा, आता मिरचीचा धंदा करतो, चार माणसं हाताखाली आहेत. म्हणाला, “गुर्जी, पोरगी पंचवीस म्हणतीया आन् बावन्न लिवतीया. मला भ्या वाटतंय. माझ्यागतच डोस्कं न्हाई काय तिला?”

मंडळी, हजारोंचा हिशेब तोंडी करणारा माणूस, आणि इतकी वर्षं तो समजत होता की आपल्याला डोकं नाही. ते त्याला मी शिकवलं होतं. मी त्याला घरात बोलावलं, बसवलं आणि म्हटलं, “बाबा, चूक तुझी नव्हती. माझी होती. मला माफ कर.” तो घाबरला. “असं कशाला म्हणताय गुर्जी,” म्हणून पाया पडायला लागला. मी त्याला पडू दिलं नाही. खराटा मागवला. आम्ही तिघांनी बसून काड्यांच्या जुड्या बांधल्या. तिच्या बापानं कानडीत मोजलं, तिनं मराठीत मोजलं, मी पाटीवर लिहिलं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. जादू झाली नव्हती. पोरगी अजून कधी कधी उलटं लिहिते. पण लिहिण्याच्या आधी आता बापाला विचारते, “आप्पा, ह्यात दहाच्या जुड्या किती?”

एवढं विचारायला लागली, म्हणजे वाट सापडली. मला आणखी काही नको.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. खराट्याच्या काड्या काढा, दोरा घ्या आणि लेकराला जवळ बसवा. दहा काड्यांची पहिली जुडी त्याच्या हातानं बांधू द्या.